बाही कोणी ओढली? ग्रेफ्रायर्स कबरस्तानातल्या एका रात्रीचं प्रकरण

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, एडिंबरा, रात्रीचे साडेदहा. ग्रेफ्रायर्स कबरस्तानाच्या एका कुलूपबंद भागात, दगडी कमानीच्या कबरीत आम्ही वीसेक माणसं खांद्याला खांदा लावून उभी होतो. गाइडने टॉर्च विझवला. पाच-सहा सेकंद काहीच झालं नाही. मग दाराकडून कोणीतरी किंचाळत आत झेपावलं, सगळी गर्दी एकदम मागे सरकली, आणि टॉर्च पुन्हा लागला तेव्हा काळ्या झग्यातला एक तरुण हात वर करून हसत होता. लोकही हसले. टाळ्या वाजल्या. माझी भाची मात्र डावं मनगट उजव्या हाताने घट्ट धरून उभी होती.

बाहेर कँडलमेकर रोवरच्या दिव्याखाली तिने बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला तीन लाल ओरखडे होते. एकमेकांना समांतर, बोटभर लांब.

"मावशी, आत कोणीतरी माझी बाही ओढली. तू होतीस का?"

"नाही गं," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नव्हते. तेव्हा शपथेवर विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. नोकरीची बरीच वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. दुसऱ्यांच्या साक्षी शब्दन् शब्द उतरवून घेणं हे माझं काम होतं. प्रामाणिक साक्षीदार चुकू शकतो हे मी कित्येकदा ऐकलं होतं, वकिलांच्या तोंडून, न्यायाधीशांच्या तोंडून. स्वतःच्या बाबतीत ते त्या रात्री पहिल्यांदा घडलं, म्हणून हे प्रकरण नीट लिहून काढते आहे.

आधीचा दीड तास

घोस्ट वॉक म्हणजे रात्री जुन्या शहराच्या गल्लीबोळांतून गाइडबरोबर चालायचं आणि ठिकठिकाणी थांबून तिथल्या खुनांच्या, फाशीच्या, भुतांच्या गोष्टी ऐकायच्या. एडिंबरात अशा फेऱ्या रोज संध्याकाळी निघतात, आणि त्यांना लागणारा माल शहराकडे भरपूर आहे. आमची फेरी रॉयल माइलवर, सेंट जाइल्स कॅथेड्रलजवळच्या मर्कॅट क्रॉसपाशी सुरू झाली. गाइड तिशीतला, आवाज कमावलेला. भाचीने सुरुवातीलाच फोनचं रेकॉर्डर चालू करून फोन जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवला. त्याचे स्कॉटिश उच्चार मला पटकन कळणार नाहीत आणि घरी गेल्यावर मी तिलाच विचारत बसेन, हे तिला ठाऊक होतं. पुढे सगळा उलगडा झाला तो या रेकॉर्डिंगमुळे.

पहिला पाऊण तास इतिहासाचाच होता. बर्क आणि हेअर या दोघांनी 1828 साली सोळा माणसं मारून त्यांची प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सला विकली. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्कला 28 जानेवारी 1829 रोजी लॉनमार्केटमध्ये फाशी दिलं, आणि त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात आहे. ग्रेफ्रायर्सच्या काही कबरींवर लोखंडी पिंजरे दिसतात, मॉर्टसेफ म्हणतात त्यांना. प्रेतचोरांपासून आपल्या माणसाचं शरीर वाचवण्यासाठी नातेवाईक ते बसवून घेत. हे सांगताना गाइडने टॉर्च पिंजऱ्याच्या गजांवरून सावकाश फिरवला. गजांच्या सावल्या गवतावर सरकत होत्या, तेवढ्यानेच पुढची मुलगी आईला चिकटली.

मग त्याचा सूर बदलला. ज्या भागात आम्ही जाणार होतो त्याच्या फाटकाशी तो थांबला, हातातली किल्ली वर धरली आणि म्हणाला, की आत काहींना थंड झुळूक लागते, काहींना कोणीतरी कपडे ओढल्यासारखं वाटतं, आणि काहींना घरी गेल्यावर अंगावर ओरखडे सापडतात. कोणाला यायचं नसेल तर आत्ताच सांगा. कोणीही मागे राहिलं नाही. एवढ्या लोकांसमोर कोण राहील?

ती तीन वाक्यं मी रेकॉर्डिंगमधून पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. थंडी, ओढ, ओरखडे. भाचीने नंतर सांगितलेल्या तीन गोष्टी याच होत्या, आणि याच क्रमाने.

त्या जागेचा खरा इतिहास

फाटकाच्या आतल्या भागाला कॉव्हेनंटर्स प्रिझन म्हणतात. 1638 साली याच ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये नॅशनल कॉव्हेनंट या प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या. आमच्या चर्चचा कारभार राजाने ठरवायचा नाही, असा त्याचा गाभा. पुढची पन्नास वर्षं त्यासाठी रक्त सांडलं. 22 जून 1679 रोजी बॉथवेल ब्रिगच्या लढाईत कॉव्हेनंटर हरले आणि सुमारे बाराशे कैद्यांना एडिंबरात आणून कबरस्तानालगतच्या मैदानात कोंडलं. वर छप्पर नव्हतं. पुन्हा शस्त्र उचलणार नाही असं लिहून देणारे सुटत गेले. काही तिथेच मेले. नोव्हेंबर उजाडला तरी सुमारे अडीचशे जण उरले होते. त्यांना वसाहतींत मजुरीला धाडण्यासाठी क्राउन ऑफ लंडन नावाच्या जहाजावर चढवलं. 10 डिसेंबर 1679 रोजी ऑर्कनी बेटांपाशी वादळात ते जहाज फुटलं आणि डेकखाली कोंडलेले बहुतेक कैदी बुडाले.

गाइडने यातलं काय सांगितलं? मैदान, उपासमार, थंडी, एवढं सांगितलं. जहाज नाही. माझ्या घड्याळाप्रमाणे कॉव्हेनंटरांच्या वाट्याला चार मिनिटं आली आणि भुताच्या वाट्याला सतरा.

हे भूत म्हणजे सर जॉर्ज मॅकेंझी. 1677 साली तो लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे राजाचा मुख्य सरकारी वकील झाला. कॉव्हेनंटरांवरचे खटले त्याने इतक्या कठोरपणे चालवले की लोक त्याला 'ब्लडी मॅकेंझी' म्हणू लागले. 1691 साली तो वारला आणि त्याला इथेच, त्याच्या कैद्यांच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, घुमट असलेल्या गोल कबरीत पुरलं. पोरं पुढे कितीतरी पिढ्या त्या दाराशी जाऊन "हिंमत असेल तर बाहेर ये" असं यमक जुळवून ओरडत आणि पळत सुटत. आज सांगतात ती हल्ले करणाऱ्या भुताची गोष्ट मात्र अलीकडची आहे. 1998 च्या अखेरीस एक बेघर माणूस आसऱ्यासाठी त्या कबरीत शिरला, घाबरून बाहेर पळाला, आणि त्यानंतर इथे विचित्र अनुभव येतात अशी बोलवा सुरू झाली. महापालिकेने हा भाग बंद केला. नंतर गाइडबरोबरच्या फेऱ्यांना परवानगी मिळाली.

आता एक बारीक तपशील, जो मला दुसऱ्या दिवशी उजेडात कळला. फेरीतले लोक ज्या खोलीत उभे राहून मॅकेंझीला घाबरतात, ती मॅकेंझीची कबर नाही. ब्लॅक मॉसोलियम म्हणून दाखवतात ती खोली कॉव्हेनंटर्स प्रिझनच्या फाटकाआत, रांगेतल्या कमानीच्या कबरींपैकी एक आहे. मॅकेंझीची घुमटाची कबर फाटकाबाहेर आहे. आणि आतल्या त्या कमानीच्या कबरी कैद्यांच्या काळातल्याही नाहीत. मैदानाचा तो तुकडा नंतर कबरस्तानात घेतला गेला आणि कबरी अठराव्या शतकात उठल्या. म्हणजे आम्ही ज्या भिंतींना टेकून थरथरत होतो त्या 1679 साली तिथे नव्हत्याच.

रेकॉर्डिंग

त्या रात्री भाचीला झोप आली नाही. मुलगी भित्री नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून तिची बोळवण करणं मला अन्यायाचं वाटलं. तिला ओढ जाणवली होती आणि कातडीवर ओरखडे होते. या दोन गोष्टी तिच्या मनातल्या नव्हत्या. ज्याला अनुभव आला त्यालाच वेड्यात काढलं की तपास तिथेच संपतो, हे कोर्टात पुष्कळ पाहिलं आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "आपण याचा पंचनामा करू."

तिने जॅकेट आणलं. पावसाळी, गडद निळं, मनगटाशी वेल्क्रोची पट्टी असलेलं. डाव्या हाताची पट्टी सुटलेली होती. वेल्क्रोला दोन बाजू असतात, एक मऊ, केसाळ, आणि दुसरी बारीक प्लॅस्टिकच्या आकड्यांची. या जॅकेटवर आकड्यांची बाजू पट्टीवर होती, आणि पट्टी सुटली की ती उलटून मनगटाच्या आतल्या बाजूला येत होती. मी ती माझ्या हातावर दाबून ओढली. लगेच काही दिसलं नाही. दहा मिनिटांनी लाल रेघा उमटल्या. तीनच नव्हत्या, पाच-सहा होत्या, पण जात तीच. सरळ, समांतर, उथळ.

ओरखड्यांचा प्रश्न सुटला. पट्टी सुटली कशी, हा प्रश्न उरला.

मग आम्ही दोघी रेकॉर्डिंग घेऊन बसलो. फाटक उघडल्याचा आवाज, खडीवरची पावलं, गाइड. कबरीत शिरल्यावर आवाज घुमायला लागतो. टॉर्चचं बटण 'टक्' वाजतं. शांतता. किंकाळी. आणि किंकाळीच्या पाठोपाठ, गर्दीच्या आरोळीच्या किंचित आधी, फोनच्या अगदी जवळून एक आवाज: चर्र. वेल्क्रो सुटल्याचा. त्यालाच चिकटून एका बाईचा, मराठी आवाज: "अगं!"

त्या खोलीत मराठी बोलणाऱ्या दोघीच होतो. भाचीच्या बरोबर मागे मी उभी होते.

आम्ही तो तुकडा अकरा वेळा ऐकला. भाची काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. दचकून मी तिचा हात धरला होता, हातात आली ती बाहीची पट्टी, आणि गर्दी मागे सरकली तेव्हा ती सुटली. नंतर तिने भीतीने उजव्या हाताने डावं मनगट आवळलं, तेव्हा सुटलेल्या पट्टीचे आकडे कातडीवर दाबले गेले आणि घासले. मला त्यातलं काहीही आठवत नाही. आजही आठवत नाही. मी "अगं" म्हणाले हेसुद्धा नाही. रेकॉर्डिंग नसतं तर माझ्या "नाही" वर भाचीने विश्वास ठेवला असता. का ठेवू नये? मी तिची मावशी. आणि मग तो हात कोणाचा, याचं एकच उत्तर उरलं असतं, जे गाइडने फाटकाशी आधीच देऊन ठेवलं होतं.

या कबरस्तानातल्या अनुभवांच्या शेकडो नोंदी आहेत असं सांगतात. त्या सगळ्यांमागे वेल्क्रो आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्यासारखा मागे उभा असलेला साक्षीदार त्यांतल्या कितींमध्ये असेल, हा विचार मनातून जात नाही.

थंड झुळकेचं उत्तर तर जागेवरच होतं. खोलीला एकच दार, आणि भाची दाराच्या सर्वांत जवळ होती. आत माणसांच्या अंगाची ऊब, बाहेर ऑक्टोबरची हवा. मान उघडी असेल तर ती झुळूक लागणारच.

अंधार काय करतो

डोळ्यांना अंधाराला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. चांगला गाइड हे पुस्तकातून शिकला नसला तरी अनुभवाने जाणतो. आमचा गाइड गोष्ट सांगताना टॉर्च कबरीवर धरायचा, पण मधूनमधून आमच्या चेहऱ्यांवरून फिरवायचा. त्यामुळे सरावलेला डोळा पुन्हा दिपायचा. कबरीत टॉर्च विझला तेव्हा माझ्या नजरेत एक हिरवट डाग तरंगत होता आणि मी जिकडे बघेन तिकडे तो सरकत होता. तो उजेडाचा ठसा आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्याकडे एखाद्या माणसाकडे बघावं तशी बघत होते.

एडिंबरातच यावर एक मोठा प्रयोग झाला आहे. साउथ ब्रिज हा पूल 1788 साली खुला झाला. त्याच्या एकोणीस कमानींपैकी आता एकच उघडी दिसते, बाकीच्यांना दोन्ही बाजूंनी इमारतींनी वेढलं आहे. कमानींखालच्या खोल्यांत कारागीर, दारूचे गुत्ते आणि पुढे अगदी गरीब माणसं राहिली. आज तिथेही भुतांच्या फेऱ्या जातात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी 2001 साली दोनशेहून अधिक स्वयंसेवकांना या खोल्यांत पाठवलं. कोणती खोली 'झपाटलेली' मानतात हे त्यांना सांगितलं नव्हतं. तरीही विचित्र अनुभव त्याच खोल्यांत जास्त आले. आणि त्या खोल्या वेगळ्या होत्या त्या आकाराने आणि उजेडाच्या प्रमाणाने.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो अनुभव घेणाऱ्याला खोटं ठरवत नाही. जागेत खरोखर काहीतरी आहे, तिथे गेलेल्या माणसाला ते खरोखर जाणवतं. फक्त त्याला नाव देताना आपण हाताशी असलेली गोष्ट उचलतो, आणि घोस्ट वॉकमध्ये ती गोष्ट तिकिटाबरोबरच मिळालेली असते.

मॅकेंझीची स्वतःची साक्ष

मॅकेंझीबद्दल वाचायला घेतलं तेव्हा मी हबकले. हा माणूस तरुणपणी, 1661 साली, चेटकिणींच्या खटल्यांत न्यायासनावर बसला होता. स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यावर 1678 साली त्याने जो ग्रंथ लिहिला त्यात चेटूक खरं नसतंच असं तो म्हणत नाही, पण हाल करून, झोपू न देता काढलेल्या कबुलीजबाबांवर विसंबू नका, हे बजावून सांगतो. त्यात एका गरीब बाईचा प्रसंग आहे. तिने चेटकीण असल्याची कबुली दिली होती. एकांतात तिने त्याला सांगितलं, की मी अपराधी नाही, पण एकदा चेटकीण म्हणून बोभाटा झाल्यावर मला कोणी अन्न देणार नाही, आसरा देणार नाही. लोक मारतील, कुत्री अंगावर सोडतील. त्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणून कबूल केलं.

घाबरलेल्या माणसाचा शब्द कसा तोलावा याची इतकी जाण असलेला हा वकील. ग्रंथ छापून झाल्यावर वर्षभराने त्याच्या कारकिर्दीत बाराशे माणसं उघड्या मैदानात कोंडली गेली, आणि "लिहून द्या, सुटाल" हाच त्यांच्यापुढचा मार्ग होता. एकाच माणसात हे दोन्ही कसं मावलं, हे मला कोड्यासारखं वाटतं. माझ्या मते ग्रेफ्रायर्सची खरी भयकथा ही आहे, आणि तिला अंधाराची गरज नाही. भूत होऊन बाह्या ओढणारा मॅकेंझी या माणसापुढे फार लहान आहे.

पत्र

घरी परतायच्या आधी आम्ही फेरी चालवणाऱ्यांना पत्र लिहिलं. तक्रार नव्हती. गाइड मेहनती होता, बाहेर आल्यावर भाचीला त्याने बसवलं, पाणी दिलं आणि ती ठीक होईपर्यंत थांबला. रेकॉर्डिंगचा तुकडा आणि जॅकेटच्या पट्टीचा फोटो सोबत जोडला, आणि तीन विनंत्या केल्या. क्राउन ऑफ लंडनची हकीकत फाटकाशीच सांगा. जिथे लोकांना उभं करता ती कबर मॅकेंझीची नाही हे सांगा. आणि ओरखड्यांचं वाक्य आत जाण्याआधी नका सांगू, हवं तर बाहेर आल्यावर सांगा.

आठवड्याभराने गाइडचं उत्तर आलं, चांगलं दोन पानी. रेकॉर्डिंग त्याने सहकाऱ्यांना ऐकवलं होतं. जहाजाची गोष्ट तो पूर्वी सांगत असे, वेळ पुरेना म्हणून सोडली होती, आता पुन्हा घेतो म्हणाला. कबरीबद्दल कोणी विचारलं तर आपण खरं तेच सांगतो, असं त्याने लिहिलं. ओरखड्यांच्या वाक्याबद्दल त्याने स्पष्ट नकार दिला. त्या वाक्यासाठीच निम्मे लोक येतात, आणि ते काढलं तर फेरी उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं नाही, पण त्याने लपवाछपवी केली नाही याचा आदर वाटला.

वसंतात माझी बहीण लेकीकडे गेली तेव्हा दोघी पुन्हा त्याच फेरीला गेल्या. भाचीने आधीच वेल्क्रोच्या पट्ट्या कापून तिथे बटणं शिवून घेतली होती. फाटकाशी गाइडने तिला ओळखलं. मग त्याने टॉर्च खाली जमिनीकडे धरला, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर उजेड न पाडता त्या डिसेंबरच्या रात्रीचं सगळं सांगितलं. वादळ, ऑर्कनीचे खडक, डेकखाली अडकलेली माणसं. भाचीने मला रेकॉर्डिंग पाठवलं आहे. सहा मिनिटांचं आहे, आणि त्यात त्याच्या आवाजाखेरीज फक्त वाऱ्याचा आवाज आहे.